सरावाचं गोदाम

कृष्णनाथ शेटकर पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हा तुयेच्या कारखान्यात त्यांची कदेल, म्हणजे खुर्ची, होती तिथंच होती. मेजावर मात्र जाड रजिस्टरांच्या जागी संगणक आला होता.

गोवा घटक राज्य झालं त्याच वर्षी ते इथं लागले होते. औषधाच्या बाटल्यांना प्लॅस्टिकची बुचं करणारा हा कारखाना. प्लॅस्टिकचा दाणा, खोकी, लेबलं, यंत्रांचे सुटे भाग असा गोदामाचा सगळा कारभार त्यांच्या हातात असायचा. मग गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. कोरगावच्या घरी बायको जानकीने तेल चोळून चोळून त्यांना उभं केलं. ते चालायला लागले, जीभही बरीच सुटली, पण उजव्या हाताची बोटं काही पूर्वीसारखी वळेनात. आणि ते घरी होते तेवढ्यात गोदामाचा हिशेब संगणकावर गेला होता.

तो नेला होता भाग्यलक्ष्मीने. कारखान्याचा संगणक विभाग म्हणजे ती एकटीच. माहेर साखळीचं, लग्न होऊन पेडण्यात आलेली. नोकरीला लागली तेव्हा तिची मुलगी अंगावर पीत होती. दुपारी सासू बाळाला घेऊन फाटकाशी यायची आणि ही आडोसा शोधत फिरायची. कृष्णनाथांनी ते दोनचारदा पाहिलं, आणि कुणालाही न विचारता गोदामामागची खोली रिकामी करून तिच्या जनेलाला, म्हणजे खिडकीला, पडदा लावला. आत कोण आहे असं कुणी विचारलं की म्हणायचे, "लेबलांची मोजणी चल्ली आसा." मुलगी आता शाळेत जात होती, पण भाग्यलक्ष्मीला तो पडदा अजून आठवायचा.

पहिल्याच आठवड्यात कृष्णनाथांच्या हातून चूक झाली. डाव्या हाताने आकडा टाकताना एक शून्य जास्त पडलं. दाणा भरपूर आहे असं संगणक सांगू लागला, खरेदीवाल्यांनी मागवायचा थांबवला, आणि एक यंत्र दिवसभर बंद राहिलं. त्यांना कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून ते कीबोर्डला हातच लावेनात. शेजारचा कुणीतरी येऊन नोंद करून जायचा, आणि हे दोन्ही हात मांडीवर ठेवून संगणकाच्या पडद्याकडे बघत राहायचे.

"कृष्णनाथबाब, तुमका सरावाक वेगळा गोदाम करून दिला तर?" भाग्यलक्ष्मीने एकदा विचारलं. "थंय कितेंय चुकलां तरी कोणाचा कांय जावचा नाय."

"खोटा गोदाम?"

"खोटाच. पण दिसाक खऱ्यासारखा."

कारखान्यात सर्व्हर एकच. त्यावर डेटाबेसचं, म्हणजे नोंदवह्या सांभाळणारं, सॉफ्टवेअर चालायचं आणि त्यातच सगळा खरा हिशेब असायचा. भाग्यलक्ष्मीने त्याच मशीनवर तेच सॉफ्टवेअर दुसऱ्यांदा बसवलं. अशा प्रत्येक वेगळ्या चालणाऱ्या प्रतीला इन्स्टन्स म्हणतात. एकात काहीही उलथापालथ झाली तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. मशीन विकतचं, सॉफ्टवेअरही विकतचं, तेव्हा यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

कृष्णनाथ सरावाला लागले. आधी दाणा आणि खोकी. मग हात रुळला तसे ते मनचं काही लिहू लागले. संध्याकाळी तिने सहज उघडून पाहिलं, तर गोदामात काजूबियांची पोती जमा झाली होती. मानकुराद आंब्यांच्या पेट्या आल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या 'जानकी, घरखर्च' या नावावर गेल्या होत्या. आकडे सगळे बरोबर होते. ती एकटीच खुदकन हसली.

मग पणजीच्या सॉफ्टवेअर विक्रेत्याचा माणूस वर्षाच्या देखभालीला आला. त्याने सर्व्हर तपासला आणि थेट मॅनेजर बाबाजी परबांच्या खोलीत गेला. परबांनी भाग्यलक्ष्मीला बोलावलं.

"दोन इन्स्टन्स आहेत म्हणतो हा. आपला परवाना एकाचाच आहे."

"पण सर्व्हर एकच आहे, सर."

"मीही तेच म्हटलं. तो म्हणतो, आपण घेतलेल्या आवृत्तीत परवाना मशीनमागे नाही, इन्स्टन्समागे लागतो. एका मशीनवर हवे तितके चालवायचे तर मोठी आवृत्ती घ्यावी लागेल, आणि ती आपल्याला झेपायची नाही. आजच काढून टाक."

तिने अटी स्वतः वाचल्या. माणूस खरं बोलत होता. क्षणभर मनात आलं, त्याच्यासमोर काढावं आणि तो गेला की पुन्हा बसवावं. पण उद्या कुणी विचारलं तर उत्तर परबांना द्यावं लागलं असतं, आणि कृष्णनाथांना कळलं असतं तर त्यांनी त्या गोदामाला पुन्हा हात लावला नसता. तिने दुसरा इन्स्टन्स बंद केला, काढून टाकला, आणि सांगायला आपण होऊन गोदामात गेली.

कृष्णनाथांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरा केलंस. माझ्यापायी तुका बोलणी कित्याक?"

"तुमची मानकुरादां गेली पण."

"ती खंय पिकली होती," ते म्हणाले आणि हसले. पण हसू लगेच ओसरलं. म्हणाले, "मी परबांक सांगतंय, या महिन्यान सोडतंय म्हणान. हात नाय चलणा, नुसता बसान पगार कसो घेवंचो?"

"सोमवारपर्यंत सांगू नकात," ती म्हणाली. सोमवारी काय होणार होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी तिने पणजीला विक्रेत्याच्या कचेरीत फोन लावला. उचलला सुमंगला नावाच्या बाईंनी. भाग्यलक्ष्मीने नियम विचारायला सुरुवात केली आणि बोलता बोलता सगळंच सांगून टाकलं: वारं गेलेला हात, जास्त पडलेलं शून्य, आंब्याच्या पेट्या.

"माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं," सुमंगलाबाई म्हणाल्या. "बरं, मला सांगा, तुम्हाला वेगळा इन्स्टन्सच कशाला हवा?"

"खऱ्या हिशेबाला धक्का लागू नये म्हणून."

"मग आहे त्याच इन्स्टन्समध्ये दुसरा डेटाबेस करा ना. तुमच्या परवान्यात इन्स्टन्स मोजतात, त्याच्या आत डेटाबेस किती ते मोजत नाहीत. त्यांना लॉगिन असं द्या की सरावाचा तेवढा उघडेल, खरा उघडणारच नाही. फक्त वापरणारी माणसं वाढवू नका."

"माणूस तोच आहे," भाग्यलक्ष्मी म्हणाली. तिने कपाळाला हात लावला. हे सगळं तिला येत होतं. चुकीच्या भीतीने तिनेही सरळ भिंतच घालायची ठरवली होती, दाराला कडी लावली तरी भागतं हे तिला सुचलंच नव्हतं.

"हे मला लिहून पाठवाल? आमचे सर विचारतील."

"आत्ता फॅक्स करते. आणि त्यांना सांगा, माझे वडील पुढे डाव्या हाताने सही करायला शिकले."

फॅक्स वाचूनही परबांचं समाधान होईना. "चुकून खऱ्यात गेलं तर?" तिने त्यांनाच कृष्णनाथांच्या लॉगिनने बसवलं. त्यांनी खरं गोदाम उघडायचा तऱ्हेतऱ्हेने प्रयत्न केला, पण दर वेळी नकार आला. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "ते सोडून जाणार म्हणत होते का? गोदामातल्या पोरांनी सांगितलं मला."

"होय, सर."

"मला भेटायला आले तर मी जागेवर नाही म्हणून सांग."

सोमवारी सरावाचं गोदाम पुन्हा उघडलं, आणि कृष्णनाथ परबांच्या खोलीकडे फिरकले नाहीत. ते रोज जेवणानंतर सरावाला बसायचे. कधी खोकी भरायचे, कधी नारळ. जानकीच्या नावावर काय काय जात होतं, ते भाग्यलक्ष्मीने कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी फाटकाशी दाण्याचा ट्रक लागला, त्याच्या मागे खोक्यांची गाडी. कृष्णनाथांनी तिला बोलावणं पाठवलं. "आता माका खऱ्यांत घाल," ते म्हणाले.

तिने लॉगिन बदलून दिलं आणि मागे उभी राहिली. ते डाव्या हाताच्या एकाच बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहीत होते. आकडा टाकून झाला. त्यांनी तो पावतीशी ताडला, मग तोंडाने मोठ्याने वाचला. तिच्या ओठावर 'बरोबर' आलं होतं, ते तिने गिळलं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दाण्याची शिल्लक वाढली, जितकी वाढायला हवी होती तितकीच.

ते मागे रेलून बसले. उजवा हात उचलून त्यांनी तो डाव्याशेजारी मेजावर ठेवला. डोळे ओलावले होते, पण तिने न बघितल्यासारखं केलं.

"तू हंय कित्याक उबी?" ते म्हणाले. "जा, तुजा काम नाय?"

ती निघाली. दारापर्यंत पोचली तेव्हा ते खोक्यांच्या गाडीवाल्याला सांगत होते, "आता तुजी गाडी फुडें घे. आनी सावकाश, माका घाई नाय."