एका शब्दाचा शिक्का

मी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, रबरी तोंडाचा. बोलतोय म्हणजे काय, जन्मभर मी एकच शब्द बोललो: ‘जमा’. ही दोन अक्षरं माझ्या तोंडावर उलटी कोरलेली आहेत. शाई लावून कागदावर टेकवलं की ती सुलटी उमटतात आणि लोक निर्धास्त घरी जातात. मुळात माझं तोंडच उलटं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

एका छापखान्याच्या कोपऱ्यात माझा जन्म झाला. मला न्यायला मामा आले. मामा म्हणजे अख्ख्या गल्लीचे मामा. पूर्वी त्यांचं किराणा दुकान होतं. ते बसलं, तेव्हा त्याच जागेत त्यांनी नाताळ भिशी काढली. दर शनिवारी थोडे थोडे पैसे भरायचे, आणि नाताळच्या आदल्या आठवड्यात वर्षाची रक्कम एकदम घ्यायची, वर मामांकडून बिस्किटांचा एक डबा. प्रत्येकाला चौकटी आखलेलं कार्ड असे. पैसे पेटीत पडले की एका चौकटीत मी.

पहिली दोन वर्षं सगळ्यांना पैन् पै मिळाली. मी तर इतका फुगलो होतो, की शाईच्या पॅडवर बसतानाही ऐटीत बसायचो.

गल्लीच्या टोकाला लॉन्ड्री होती. तिथे इस्त्री करणारी ताई शनिवारी कामावरून थेट आमच्याकडे यायची. घरात ती आणि तिची लेक, दोघीच. लॉन्ड्रीतून कुणी परत न नेलेले कपडे मालक कामावरच्या बायकांना देऊन टाकी, त्यातलाच एक कोट लेक घालायची. एकदा शाळेत एका मुलीने तो ओळखला आणि सगळ्यांदेखत कॉलर उलटून आतला लॉन्ड्रीचा नंबर वाचून दाखवला. तीनशे अठरा. त्या आठवड्यात ताई पैसे भरताना म्हणाली, “मामा, यंदा पोरीला नवा कोट घेणार. कुणाच्या अंगाला न लागलेला.”

मामांनी मान हलवली. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पूर्वी ते पाहत.

मग एका शनिवारी ताई रिकाम्या हातांनी आली. लेक तापाने फणफणली होती, पैसे औषधात गेले होते. ती दारातच उभी राहून माफी मागू लागली. मामा म्हणाले, “असू दे गं. आधी पोरीचं बघ.” आणि मला उचलून त्यांनी तिच्या कार्डावर टेकवलं.

मी दचकलो. पेटीत काही पडलं नव्हतं आणि मी ‘जमा’ म्हणून बसलो होतो. तो माझा पहिला खोटा शब्द. भीती याची वाटली, की तो खऱ्या शब्दांइतकाच ठसठशीत उमटला.

ताईचे डोळे भरून आले. पुढच्या शनिवारी तिने दुप्पट पैसे भरले, आणि लॉन्ड्रीत सांगत सुटली की माणूस असावा तर असा, न घेता शिक्का मारतो. तिच्या शब्दावर चौदा बायका भिशीत आल्या. मी ओरडून सांगायला हवं होतं, की ज्याच्या लेखी शिक्क्याला किंमत उरली नाही तोच तो फुकट वाटतो. पण मला दुसरा शब्द कुठे येतो?

मामांनी नवी शाई आणली नाही, जुन्या पॅडवर पाणी शिंपडून भागवलं. बिस्किटांचे डबे एव्हाना माळ्यावर रचलेले असत, ते आले नाहीत. फोन वाजू लागला की मामा त्यावर उशी ठेवत. गेल्या साली वाटलेली रक्कम उसनी काढलेली होती, ती यंदाच्या लोकांच्या पैशांतून फेडली होती; उरलेले पैसे दुकानाच्या जुन्या देण्यात गेले होते. हे सगळं मागाहून बाहेर आलं. मला मात्र त्या उशीखालच्या घरघरीनेच धडकी भरायची.

एका सकाळी त्यांनी दोन पिशव्या भरल्या, माझ्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि शटर ओढून घेतलं.

शनिवारी लोकांनी कुलूप तोडलं. पेटी रिकामी होती. मग कुणी पंखा काढला, कुणी खुर्ची, कुणी जुना तराजू. ताई कामाची पाळी संपवून पोहोचली तेव्हा टेबलाखाली मी एकटा उरलो होतो. तिने मला उचललं आणि लॉन्ड्रीत नेलं. चौदाही जणी हातात कार्डं धरून वाट पाहत होत्या.

“काय मिळालं?” सगळ्यांत थोरल्या बाईंनी विचारलं.

ताईने मला इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं. तिला कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसेना. “तुम्हाला मी आणलं,” ती म्हणाली.

“मामाने आपल्याला मामा बनवलं,” एक जण पुटपुटली. कुणी हसलं नाही.

थोरल्या बाईंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे पैसे बुडाल्यात जमा.”

माझाच शब्द. जन्मभर बोललो, पण त्याचा हा अर्थ मला ठाऊक नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाताळच्या आदल्या दिवशी ताईने जुन्या कोटाची कॉलर लिंबू-मिठाने घासघासून धुतली. आकडे फिके झाले, गेले नाहीत. लेक म्हणाली, “राहू दे आई. मी चर्चमध्ये गेल्यावरही कोट काढणारच नाही.” ताईने तोंड फिरवलं, आणि रद्दीच्या गठ्ठ्यात मला कोंबलं.

आता मी भंगारवाल्याच्या फळीवर आहे. काल एक गोड बोलणारे गृहस्थ आले. मला उचलून त्यांनी धूळ फुंकली, स्वतःच्या तळहातावर मला दाबून पाहिलं आणि हसून विचारलं, चौकटींची कार्डं कुठे छापून मिळतील? उद्या ते मला न्यायला येणार आहेत. नवी शाई घेऊन.

तुमच्या कार्डावर कधी मी उमटलो, तर माझ्या ठसठशीतपणावर जाऊ नका. मी ‘जमा’ म्हणेन, मला तेवढंच येतं. तुम्ही फक्त विचारा: कशात?