अर्धं डिझेल

सुताराने ती भलीमोठी पिकअप घेतली, तेव्हा गॅरेजवाल्या मिस्तरीने तिच्याभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली आणि म्हणाला, "गाडी झकास आहे. फक्त हिला पोसायला आणखी एक धंदा काढ." त्यात खोटं काही नव्हतं. पण दारं बनवणाऱ्या माणसाला लहान गाडी घेऊन भागत नाही. दार काही दुमडून नेता येत नाही. त्याला लांब हौदा लागतो, आणि लांब हौद्याच्या गाडीची तहानही दांडगी असते.

मग सुतार कंबर कसून कामाला लागला. दर सोमवारी चाकांतली हवा बघायची. हौद्यात एक खिळासुद्धा उगाच फिरायला न्यायचा नाही. सिग्नल लाल झाला की इंजिन बंद. आणि पाय इतका हलका ठेवायचा, की मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून वाजवून नाद सोडावा. मिस्तरी म्हणाला, "अरे, दात कोरून पोट भरत नाही." सुतार म्हणाला, "थेंबे थेंबे तळे साचे." झालं, त्या दिवसापासून त्याचं नाव थेंबे पडलं. पुढे पुढे तर गिऱ्हाइकंही फोनवर थेंबे आहेत का असंच विचारायला लागली.

बायको गाडीला सवत म्हणायची. संध्याकाळी तो पंपावरून आला की विचारायची, "जेवली का सवत? मग आपणही बसू या." पण या सगळ्या काटकसरीतलं खरं डोकं तिचंच होतं. हवा बघणं कुणालाही जमतं; खेपा जोडणं जमत नाही. मोठं शहर लांब, पोचायलाच तीन तास लागायचे. तिथे एका दारासाठी गाडी न्यायची नाही, हा तिने घालून दिलेला नियम. ती फोनवर बसायची. एका गिऱ्हाइकाला म्हणायची, पॉलिश अजून ओलं आहे, चार दिवस थांबा. दुसऱ्याला म्हणायची, तुमचं लवकर झालंय, आत्ताच घेऊन टाका. दोघंही खूश, आणि गाडी एकदाच जाणार. परत येताना वखारीतून लाकूड भरून आणायचं. रिकामी गाडी पळवणं म्हणजे तिच्या लेखी चूल पेटवून वर भांडंच न ठेवणं. सुताराला बायकोचा फार अभिमान होता. तो चारचौघांत सांगायचा, "मी लाकूड कापतो, ही रस्ता कापते."

तिच्या पोटात डाव्या अंगाला दुखायला लागलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरने हाताने दाबून पाहिलं आणि शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. लवकर दाखवा, म्हणाला. तिने घरी येऊन चहा टाकता टाकता हे सांगितलं. सुतार रंधा मारत होता. तो म्हणाला, "पुढच्या खेपेला जाऊ की. तीन दारं होतच आली आहेत."

"तेच म्हणत होते मी," ती म्हणाली.

शेजारणीने सुचवलं, अगं, बसने जाऊन ये. त्यावर नवराबायको दोघंही हसले. दारात एवढी गाडी उभी असताना तिकीट काढायचं म्हणजे विहिरीकाठी बसून पाणी विकत घेण्यातला प्रकार. आता वाटतं, त्या हसण्याला कुणीतरी एक चपराक द्यायला हवी होती. पण अशा वेळी चपराक देणारं कुणी जवळ नसतं.

खेपेचा दिवस आला. दारं हौद्यात उभी लावली, मधे गोणपाट कोंबले, वर दोर आवळले. बोट शिरायला जागा उरली नाही. पुढे दोनच माणसांची जागा. ती ठेवणीतले कपडे घालून, चिठ्ठी पर्समध्ये टाकून बसलीसुद्धा होती. तेवढ्यात बिजागरीवाला धावत आला. बाजारात त्याचं कड्याकुलपांचं दुकान होतं, आणि त्याला त्याच दिवशी शहर गाठायचं होतं. खिडकीशी येऊन तो म्हणाला, "थेंबे, मला न्या. अर्धं डिझेल माझं."

अर्धं डिझेल! सुताराचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोला, तो चेहरा तिने पाहिला. ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना. मी पुढच्या वेळी येईन. एवढं काही दुखत नाहीये." आणि ती उतरली. सुतार तोवर आरसा नीट करत होता. संध्याकाळी परत आल्यावर त्याने तिला वाटेतली एकेक गंमत सांगितली, बिजागरीवाला कसा घोरला तेही, आणि आजची खेप जवळजवळ फुकटात पडली हे तर दोनदा सांगितलं. तीही हसली. मग लवकर जाऊन पडली.

पुढची वेळ काही लवकर येईना. शाळेच्या दारांचं मोठं काम मिळालं होतं, पण लाकूड ओलं निघालं. लाकूड वाळलं, तर शाळा म्हणाली, सुट्टी लागू दे. तोपर्यंत तिचं जेवण अर्ध्यावर आलं होतं, अंगावरचे कपडे ढगळ दिसायला लागले होते. सुताराला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण दर वेळी तो मनाशी म्हणायचा, सुट्टी आलीच की आता. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील नाही.

शेवटी शाळेची दारं घेऊन दोघं निघाली. आधी दारं उतरवली, कारण हॉस्पिटल टेकडीवर होतं आणि भरल्या गाडीने चढ कोण चढवणार? तपासण्या झाल्या. रिपोर्टसाठी पुन्हा बोलावलं. त्या दिवशीही हौद्यात दोन खिडक्यांच्या चौकटी होत्या. तिनेच जमवून आणल्या होत्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी फिल्म उजेडावर धरून बराच वेळ पाहिली, मग खुर्ची जवळ ओढली. खुर्ची जवळ ओढली तेव्हाच सुताराला कळलं.

"गाठ पसरली आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऑपरेशन करून आता उपयोग नाही. त्रास कमी राहील असं औषध देता येईल. हे दुखणं कधीपासूनचं आहे?"

"झालं असेल वर्ष," ती म्हणाली.

"वर्ष? तुम्हाला कुणी दाखवायला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं. मीच आले नाही. मला भीती वाटायची."

सुताराने तिच्याकडे पाहिलं. भीती? कारखान्यात निघालेला साप जिने फळीने ढकलत बाहेर काढला, दोर सैल झाला म्हणून भरल्या हौद्यावर चढून जिने भर रस्त्यात गाठ मारली, तिला भीती? ती डॉक्टरीणबाईंकडेच बघत होती. त्याच्याकडे तिने मान वळवली नाही. खरं काय ते सांगायचं सोडून तो मांडीवरची फाइल नीट करत राहिला.

"भीती सगळ्यांनाच वाटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण थोडं आधी आला असता, तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "दर आठवड्याला सलाईनमधून औषध द्यावं लागेल. येणं जमेल ना?"

"मंगळवार मिळेल का?" तिने विचारलं. "यांच्या खेपा मी मंगळवारीच जुळवीन. म्हणजे वेगळी फेरी पडायची नाही."

डॉक्टरीणबाई गोंधळून सुताराकडे बघू लागल्या. त्याच्या आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. "कुठलाही दिवस द्या," तो कसाबसा म्हणाला. "खेपबिप काही नाही. रोज बोलवा. रोज आणतो."

बाहेर आल्यावर ती त्याच्यावर रागावली. "रोज कशाला म्हणालात? काय समजतील त्या? एवढी धूड गाडी रिकामी आणायची म्हणजे काही हिशेब आहे का?" त्याने दार उघडलं, तिला हाताला धरून वर चढवलं. आता तिला पायरी उंच पडत होती. मग वळसा घालून तो आपल्या जागेवर येऊन बसला आणि त्याने किल्ली लावली. इंजिन सुरू झालं. गाडी हलेना, कारण तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होता. लहान पोरासारखा, आवाज करून.

तिने किल्लीकडे पाहिलं. मग सवयीने म्हणाली, "अहो, बंद तरी करा. उगाच जळतंय."

"जळू दे." त्याने डोकं वर केलं. "तू त्यांना खोटं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? त्या तुम्हाला बोलल्या असत्या. मला नसतं ऐकवलं."

"बोलायलाच हवं होतं त्यांनी. मी तुला गाडीतून उतरवलं त्या दिवशी. अर्ध्या डिझेलसाठी."

"उतरवलं कुठे? मीच उतरले."

"मी थांब म्हणालो नाही."

यावर ती पटकन काही म्हणेल, हसण्यावारी नेईल, असं त्याला वाटलं. सगळा संसार तिने तसाच रेटला होता. पण तिने पदराशी चाळा केला, काचेतून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला सांभाळून न घेता बोलली.

"नाही म्हणालात," ती म्हणाली. "मी सावकाश उतरले होते. आधी पर्स घेतली, मग चप्पल नीट केली, मग दार धरून उभी राहिले. म्हटलं, आता म्हणतील."

गाडी जागच्या जागी धडधडत राहिली. त्याने हात पुढे करून तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही.