नव्या आंब्याच्या आधी

कन्फ्यूशियसवर बोल म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच दीपालीच्या मागे लागले होते. ती आमच्या भद्रावतीच्या वाचनालयाची सेक्रेटरी. मी दहावी नापास, ब्लाऊज शिवते, रद्दीत येईल ते वाचते. त्या चिनी गुरूचं मला एवढं उमजलं होतं, की रीत असते माणसाचा मान राखायला. आत माणूसपण नसेल तर ती नुसती कवायत.

भाषणाला उदाहरण आपल्या भागातलं हवं म्हणून आलापल्लीच्या पुढे बुधरीच्या गावी गेले. ती बाजारात चारोळी विकायची, तिथली आमची ओळख. तिच्या गावात पूजा झाल्याशिवाय नवा आंबा, अगदी कैरीसुद्धा, कोणी तोंडात घालत नाही. तिनंच मागे सांगितलं होतं, अन् मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. यंदा पूजेत आंब्यांच्या पहिल्या टोपलीचा मान बुधरीच्या घरचा होता. पूजा दोन दिवसांवर.

बुधरी पाणी आणायला आत गेली. झाडाखाली कैरी पडली होती. उचलली, पदराला पुसली आणि कचकन चावली. वही मांडीवरच होती.

बुधरी तांब्या घेऊन आली आणि थबकली. मी कैरी खाली टाकली, तोच गावचे पुजारी दसरूभाऊ अंगणात आले. खाली पाहून त्यांनी माडियात काहीतरी विचारलं. बुधरीनं तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला.

भाषा येत नसली तरी एवढं कळतं, दोष तिनं स्वतःवर घेतला होता. मी वहीत डोकं घातलं. आत्ता सांगते, आत्ता सांगते, असं मनात म्हणेपर्यंत त्यांचं बोलून झालं.

"काय म्हणाले गं?"

"काई नाई, बाई. आमची टोपली मांगून जाईन. पहिली झिंगूच्या घरची."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "दसरूभाऊ, कैरी मी खाल्ली."

"माहीत हाये, बाई. तुमचं तोंड अजून वाकडंच हाये."

"मग तिची टोपली?"

"पाहुण्याची चूक घरच्याले घ्यावी लागते. तिनं घेतली. आता मी काय करू?"

बुधरी माझ्यावर उखडली. "मी झाकून राह्यली होती ना! तुमी काऊन उघडं केलं? गाव म्हणन, बुधरीच्या दारी पाहुणीची लाज गेली."

मी म्हटलं, "मला राहवलं नाही गं." खरं तर मोकळं मलाच व्हायचं होतं. तिला काय होईल, हे मी तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"निघते मी."

"न जेवता?" दसरूभाऊंनी बाज सरकवली. "असं कसं जाता?"

बुधरीनं रागातच पान मांडलं. भात वाढला, वरण ओतलं, पुन्हा भात. माझ्याकडे पाहिलंही नाही. पोट कधीच भरलं होतं, पण पुरे म्हणायची माझी छाती झाली नाही.