पळसाचं पाणी

सगुणाबाईची एक शेळी भर उन्हाळ्यात ओल्या तोंडानं कळपात परत यायची. गावाचा आड आटलेला, टँकरवर सगळ्यांची भांडणं, आणि ही डोंगरावरून पाणी पिऊन येते ती कुठून? ब्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात सगुणाबाईला दुसरं काही सुचेना.

त्याच दिवसांत डोंगरावर झाडतोड सुरू झाली होती. अंबडकडचं हे गाव, डोंगर म्हणजे गावाचं गायरान; पळस, हिवर, सालई आणि करवंदीच्या जाळ्या. कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्या एका ठेकेदाराशी सरपंच भुजंगरावांनी बोलणं केलं होतं. झाडं त्यानं न्यायची आणि शाळेला खोल्या बांधून द्यायच्या. पोरं गळक्या पत्र्याखाली बसायची, त्यामुळे गावात कुणी नाही म्हटलं नव्हतं. सगुणाबाईनंही नाही.

एका सकाळी ती शेळीच्या मागं मागं गेली. शेळी जाळीत घुसली, तशी हीही रांगत घुसली. लुगडं फाटलं, हात ओरबाडले. आत उंबराखाली खडकातून करंगळीएवढी धार पडत होती, खालच्या खळग्यात साठत होती आणि पलीकडच्या भेगेत गडप होत होती. ती पोटभर प्याली. मग तिथंच बसून त्या भेगेकडं बघत राहिली. हे जातं कुठं?

भुजंगराव स्वतः बघून गेले. हे आपल्याच आडात उतरत असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. मंग आड का आटला, असं सगुणाबाईनं विचारलं.

रंगपंचमीसाठी वाळवलेली पळसाची फुलं तिच्याकडं उरली होती. ती उकळून गडद केशरी पाणी तिनं हंड्यानं वर नेलं आणि भेगेत ओतलं. पुन्हा पुन्हा ओतलं. गाव आडात डोकावत राहिलं. काही आलं नाही. लोक हसले. तोड जाळीच्या जवळ सरकली.

मग डोंगरापलीकडच्या वस्तीवरून मैमूना आली. नवऱ्यामागं ती दिराच्या मळ्यात राबायची. काखेतली घागर सरपंचांच्या ओट्यावर ठेवून ती शांतपणे म्हणाली, "आमच्या हिरीच्या झऱ्याला पिवळं पाणी येऊन राह्यलं. तुमच्याकडं कुणी काही केलं का?"

सगुणाबाईनं घागरीत बोट बुडवलं, चाटलं आणि तिला हसूच आलं. तिनं सगळं सांगितलं. मैमूना रागावली नाही, जागा दाखव म्हणाली. दोघी रांगत आत गेल्या. मैमूनानं धारेखाली हात धरला. जवळच कुऱ्हाडी वाजत होत्या.

"झाडं गेल्यावर हे राहील का?"

"मला न्हाई माहीत," सगुणाबाई म्हणाली.

"मला बी न्हाई. मंग तोडून बघायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं जाळीपाशी येऊन बसली. डोंगर तोडताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सगुणाबाईही त्यांच्यात जाऊन बसली, तेव्हा गावातल्या काही बायका आल्या. भुजंगराव बराच वेळ लांब उभे होते. शेवटी ते ठेकेदाराकडं गेले आणि दिलेला शब्द मागं घेतला. असं करावं लागलं याची त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही. ठेकेदार तोडलेली लाकडं घेऊन गेला. खोल्या झाल्या नाहीत.

पुढची कित्येक वर्षं पोरं पत्र्याखालीच बसली. पाऊस आला की एखादी आई सगुणाबाईला ऐकवायची. तिला ते लागायचं, पण ती उलटून बोलत नसे. तोडलेल्या उतारावर नुसती घाणेरी माजली. जाळी मात्र राहिली आणि वस्तीच्या विहिरीचा झराही.

मैमूनाशी तिचं येणंजाणं सुरू झालं. हिवाळ्यात एकदा दोघी उंबराखाली बसल्या होत्या. पाणी जातं कुठं ते कळलं, पण येतं कुठून, असं मैमूनानं विचारलं. वरून, सगुणाबाई म्हणाली. वर तर डोंगर संपतो, मैमूना म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडं बघितलं, पदर खोचले आणि चढायला लागल्या.