लंगोटीवरचं रक्त

भवानी पेठेत रंभाबाईंच्या ओट्यावर सकाळपासून बायकांची रीघ होती. प्रत्येकीच्या कडेवर रडतं मूल आणि हातात त्याची धुतलेली लंगोटी. सिद्धप्पा महाराज लंगोटीवर भंडाऱ्याचं पाणी शिंपडत, आणि ते पिवळं पाणी डोळ्यांदेखत लाल होई.

"रगत हाय ह्ये. जखीण बसलीया पोराच्या बुडाला. ढुंगण लाल दिसतंय न्हवं? तिचंच दात त्ये."

एवढं सोलापूर सोडून जखिणीनं बसायला जागा तरी कसली निवडावी. पण मला हसू येईना. माझ्या सात महिन्यांच्या बाळाचं ढुंगण चार दिवस सोलवटलं होतं, आणि जखीण उठवायला शेगडीवर बिब्बा तापत होता. बाळाला डाग द्यायचा. सासूबाईंनी त्याला पुढे धरलंच होतं.

"आत्याबाई, थांबा. महाराज, आधी तुमच्या धोतरावर शिंपडा की."

"माज्यावर कशापायी? मी सिद्ध मानूस."

मी भंडाऱ्याच्या पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांच्या मांडीवर उपडा केला. धोतर लालभडक झालं.

"अगं बया," रंभाबाई म्हणाल्या, "उतरलेत आमच्याकडं, म्हनून म्याच धुतलं की त्ये काल. सोड्यात."

"मंजी म्हाराजांच्या बी बुडाला बसली म्हना की," मागून कुणी बोललं.

मी सोड्याचा डबा मागवला, भंडाऱ्याचं पाणी दोन वाट्यांत नव्यानं कालवलं आणि एकीत चिमूटभर सोडा टाकला. त्या वाटीतलं पाणी लाल. मग बाळाची लंगोटी चार पाण्यांतून खळबळून तिच्यावर दुसऱ्या वाटीतलं पाणी शिंपडलं. ती पिवळीच राहिली.

"आज वार न्हाय तिचा," म्हणत महाराज उठले. बिब्बा मात्र इथंच विसरले.

"मला वाटलं, तू पुस्तकातलंच बोलतेस," सासूबाईंनी बाळ माझ्याकडे दिलं.

हळदीला खार लागला की ती लाल होते, एवढीच ती जखीण. कुंकू असंच करतात. ते लावताना आपण भितो का? त्या ओट्यावरच्या अकरा मुलांपैकी सात जणांचं ढुंगण लाल होतं. लंगोटीतल्या मुलांना हे होतंच. ओली लंगोटी तशीच राहिली, जुलाब झाले, की जास्त. त्यात पाण्याची टंचाई, म्हणून आम्ही सोड्यातल्या लंगोट्या एकाच पाण्यातून काढत होतो. मीसुद्धा, कॉलेजात हळदीचा कागद लाल होताना पाहिलेली.

बायांनो, लंगोटी ओली झाली की लगेच बदला, सोडा पुरता निघेपर्यंत धुवा, थोडं खोबरेल लावा, मुलाला घटकाभर उघडं राहू द्या. एवढ्यानं बरं झालं नाही तर डॉक्टरकडे न्या. आणि तापला बिब्बा घेऊन कुणी आलं, तर तो आधी त्याच्याच अंगाला लावायला सांगा.