बत्त्याचा पोचा

धाकट्यानं पोत्यातून टाकी काढून बाकावर ठेवली आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबांच्या जुन्या मोटरसायकलची टाकी होती ती. आठवड्यापूर्वी ताई पत्रा आणायला बाजारात गेलेली असताना हा शहाणा आला होता. टाकी गळतेय म्हणाला, चांगल्या ठिकाणी झाळून आणतो म्हणाला. घरात ताईसारखी डेंटर असताना टाकी बाहेर कशाला, एवढा साधा प्रश्न बाबांना पडायला हवा होता. पण जन्मात ज्यानं घरच्या कामाला बोट लावलं नाही तो लेक आपण होऊन काहीतरी करतोय, यातच बाबा विरघळले. त्यांनी चाचपडत, स्वतःच्या हातानं टाकी काढून दिली.

आणि आणली काय, तर ही. आधी गोल, पोट सुटलेली, ऐसपैस टाकी होती. आता तिचं पोट दोन्हीकडून आत दाबलेलं, गुडघे टेकायला खोलगट जागा केलेली, मागचं टोक निमुळतं. रंग सगळा खरवडून उघडा पत्रा चकचकत होता.

"कस्टम लुक आहे," धाकटा म्हणाला. "जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात नेणार आहे रविवारी. आता फक्त रंग राहिलाय. म्हटलं रंग घरचाच बरा."

"पोचा कुठाय?" ताईनं विचारलं.

"कुठला पोचा?"

सोंग करत असता तर एक वेळ चाललं असतं. पण तो खरंच विचारत होता. ज्या पोच्यावरून अख्खी गल्ली बाबांना वर्षानुवर्षं चिडवत आली, तो या गृहस्थाला आठवेना.

आईनं मारलेला पोचा होता तो. आईला तिच्या बहिणीकडे जायचं होतं, साडी नेसून ती उंबऱ्यात उभी, आणि बाबा गाडी पुसतायत. टाकी झाली, चाकं झाली, पुन्हा टाकी. आईनं आत जाऊन खलातला बत्ता आणला आणि दारातून भिरकावला. तो टाकीच्या डाव्या बाजूला लागला, पत्रा आत चेपला आणि बत्ता घसरत खाली गेला. दुनियेच्या गाड्यांचे पोचे काढणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीवरचा हा पोचा कधी काढला नाही. लोक हसायचे, बाबा म्हणायचे, असू दे, बायकोची सही आहे.

आई गेली. मागोमाग बाबांचे डोळे गेले. तेव्हापासून ते खोलीबाहेर यायचे ते फक्त सकाळी, मागच्या शेडमध्ये गाडीवर बसायला. बसायचे, डावा अंगठा त्या पोच्यात ठेवायचे. मग चहा मागायचे, मग ताईच्या हातातलं काम चाचपून चुका काढायचे. दिवस तिथून सुरू व्हायचा. टाकी गेल्यापासून ते अंथरुणातच होते, आणि आली का, आली का, एवढंच विचारत होते.

"बाबांना काय सांगणार आहेस?" ताई म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? त्यांना कुठं दिसतंय?"

ताईनं हातातली हातोडी बाकाखाली ठेवून दिली, कारण ती हातात असणं बरं नव्हतं. डेंटरच्या घरात जन्मलेल्या माणसानं हे बोलावं? पत्रा बघायचा नसतो, चाचपायचा असतो. डोळे धडधाकट होते तेव्हासुद्धा बाबा काम तपासताना डोळे मिटून घ्यायचे. ताईला त्यांनी शिकवलं तेही तसंच.

"नीघ," ती म्हणाली. "तुझी अक्कल कुठं गहाण टाकली असशील तर येताना सोडवून आण. शनिवारी ये."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ पुटपुटत होती. टाकी पुन्हा गोल करायची म्हणजे बाजू कापून नव्यानं बनवायच्या, आणि आतून बाबांची हाक आलीच होती, "आली का गं?" एवढा वेळ नव्हता. बाबा असेच पडून राहिले तर पुन्हा उठायचे नाहीत, ही धास्ती तिच्या मनात बसली होती. मग तिनं ठरवलं. आकाराचं काहीतरी सांगता येईल. पोचा मात्र हवा.

खलातला तोच बत्ता तिनं आणला. जागा तिला पाठ होती. पत्रा फाटू नये म्हणून तिनं आधी तो तापवून मऊ केला, मग बेतानं, नेम धरून बत्ता मारला. पोचा झकास उठला. तिनं त्यात स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. टाकी गाडीवर चढवली आणि सकाळी बाबांना हात धरून आणलं.

"गंजली होती बाबा. बाजू बदलाव्या लागल्या. पण पोच्याचा तुकडा तेवढा जपून बसवून घेतलाय."

बाबा बसले. त्यांचे तळवे टाकीवरून पुढं गेले, खोलगट भागात उतरले, थबकले. मग अंगठा पोच्यात गेला, आणि लगेच बाहेर आला, जणू चटका बसला.

"कुणी मारला?"

"आईनंच नाही का..."

"तुझी आई कधीपासून पत्रा तापवून राग करायला लागली?"

ताई गाडीचं हँडल उगाच पुसू लागली.

"ती चिडली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता आणि तो रडण्यानं नव्हे, संतापानं. "दारातून फेकला होता तिनं. घसरत गेला होता. हा बघ, कसा गोल, कसा सुबक. कामावर खूष होऊन मारलाय. कुणाचं काम हे?"

"माझं. टाकी त्यानं बाहेर नेऊन बदलून आणली, मेळाव्यासाठी. पोचा गेला त्यात."

"त्याचं सोड. त्याला पत्र्यातलं ओ की ठो कळत नाही. तुला कळतं. तुला मी शिकवलंय. आणि तूच मला आंधळा समजलीस?"

धाकट्याला ज्यावरून तिनं हाकललं होतं तेच तिनं स्वतः केलं होतं, आणि तेही हुशारीनं.

"काढ तो," बाबा म्हणाले आणि गाडीवरून उतरले.

टाकी पुन्हा उतरवून, तिच्या तोंडातून वाकडी सळई घालून तिनं पोचा बाहेर ढकलला. शरमेनं तिचे कान तापले होते.

शनिवारी धाकटा शीळ घालत आला. उघडी टाकी बाकावर, रंगाचा पत्ता नाही, आणि शेजारी खुर्चीत बाबा बसलेले. शीळ थांबली.

"बत्ता आण," बाबा ताईला म्हणाले.

तिनं आणून दिला. बाबा उठले. डाव्या तळव्यानं त्यांनी टाकी अशी चाचपली जशी ते गिऱ्हाइकाची चाचपायचे. हात बाजूला घेतला आणि उजव्या हातानं, खांद्यापासून जोर काढून, तिरका घाव घातला. समोरचा पंक्चरवाला काम सोडून बघू लागला.

"बाबा, काय करताय!"

"गळते म्हणाला होतास ना," बाबा म्हणाले. "बघ आता. गळते का बघ."

बाबा धापा टाकत होते. त्यांनी अंगठा फिरवला. पोचा वाकडातिकडा होता, एका कडेला पत्रा दुमडला होता. त्यात अंगठा नीट बसतही नव्हता. त्यांनी तो तिथंच ठेवला.

"तुझ्या आईचा गेला," ते म्हणाले. "हा माझा."

धाकटा ताईजवळ सरकला. "हा निघेल ना?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"निघेल की."

"मग काढ ना. उद्या मेळावा आहे."

"मी काढणार नाही. आणि बाहेर कुठं काढून आणलास तर त्यांना कळेल. कसं कळतं ते मला आता माहीत झालंय."

"टाकी चढवा गाडीवर," बाबा मधेच म्हणाले. "रंग नंतर. सकाळी मला बसायचंय."

ताईनं पाना उचलून धाकट्याच्या हातात दिला. "नेलीस तू, बसव तू."

तो शेडमध्ये गेला. एकाच बोल्टाशी तो बराच वेळ झटत होता. ताईला तो आवाज इथवर ऐकू येत होता, पण ती मदतीला गेली नाही.