सगळ्यांच्या पोटातली फाईल

सन २००३. औषधांची माहितीपत्रकं बनवणाऱ्या एका कचेरीत नणंद-भावजय शेजारी बसत. संगणकावर प्रत्येक औषधाची फाईल वेगळी, पण इशाऱ्यांची एकच. छपाईच्या वेळी बाकी सगळ्या फायली तिचाच मजकूर आपल्या पोटात घेत. धाकट्या भावजयीकडे बाळांच्या खोकल्याचं औषध आलं, तेव्हा ‘लहान मुलांना देऊ नये’ ही ओळ तिने इशाऱ्यांतून पुसून टाकली.

झोपेच्या गोळ्यांचं छापून आलेलं पत्रक वाचताना नणंद एकदम थबकली.

“अगं, ती ओळ कुठे गेली?”

“मी काढली, ताई. माझ्या औषधापुरती.”

“तुझ्यापुरती? ताटातली मिरची आहे का ती, बाजूला सारायला? सगळ्याच पत्रकांतून गेली!”

दोघी छापखान्यात धावल्या, पण निम्मे गठ्ठे रवाना झाले होते. त्यातले बरेच परत आले, सगळे नाही.

“तपासल्याची सही माझी आहे,” असं नणंदेने साहेबांना सांगितलं आणि नोकरी गमावली. पुढे तिने शिवणकामावर संसार ओढला. भावजय त्याच कचेरीतून निवृत्त झाली. परत न आलेल्या गठ्ठ्यांबद्दल कधीच काही कळलं नाही. नातवंडं दुपारी जरा जास्त झोपली, की भावजय आजही त्यांना हलवून उठवते.